कोक्राझारला बदली झाली आहे, मँडरिन शिकू का?

पत्र: मी सांगलीत एका बँकेत अधिकारी आहे. वय 44. माझी बदली आसाममधल्या कोक्राझारला झाली असून तीन महिन्यांनी रुजू व्हायचं आहे. तिथल्या लोकांशी त्यांच्या बोडो भाषेत बोलता यावं अशी मनापासून इच्छा आहे. पण ऑफिसातले म्हणतात, ‘ती चिनी कुळातली भाषा, आपल्याला जन्मात जमणार नाही, हिंदीवर भागवा.’ मुलगा म्हणतो, ‘कूळ एकच आहे ना, मग आधी मोबाइलवर मँडरिन शिक, पाया पक्का होईल.’ नकाशात बघितलं तर ‘चिनी-तिबेटी’ या एकाच रंगात लडाखपासून मिझोरामपर्यंतचा पट्टा दिसतो. म्हणजे एक भाषा शिकले की सगळीकडे चालेल का? आणि आसामी आधी शिकावी की बोडो? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

मुलाच्या सूचनेपासून सुरुवात करते. मँडरिन चांगली भाषा आहे, त्याला आवडत असेल तर त्याने जरूर शिकावी. पण तिचा कोक्राझारला काडीचा उपयोग नाही. बोडो आणि मँडरिन एकाच कुळातल्या आहेत हे खरं, पण मराठी आणि रशियनही एकाच कुळातल्या आहेत. मराठी येते म्हणून मॉस्कोत भाजी घेता येत नाही, तसंच हे. चिनी-तिबेटी कुळाच्या वयावर 2019 मध्ये दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकाने मूळ भाषा सुमारे 5,900 वर्षांपूर्वीची ठरवली, दुसऱ्याने सुमारे 7,200 वर्षांपूर्वीची. दोघांनीही तिचं मूळ उत्तर चीनमध्ये, पीत नदीच्या खोऱ्यात राळ्यासारखी भरड धान्यं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत नेलं. इतक्या काळात भाषा ओळखू येण्यापलीकडे जातात. चिनी वाक्यात क्रियापद मध्ये येतं. बोडोत ते मराठीसारखं शेवटी येतं. म्हणजे वाक्यरचनेत तर बोडो तुम्हाला मँडरिनपेक्षा मराठीच्या जवळची वाटेल.

मग कूळ एक हे ठरवतात कशावरून? ‘तीन’ हा शब्द घ्या. बोडो आणि त्रिपुरातल्या कोकबोरोकमध्ये थाम, मेघालयातल्या गारोत गिट्टाम, मणिपुरीत अहुम, मिझोत पाथुम, तिबेटीत सुम, कँटोनीजमध्ये साम, मँडरिनमध्ये सान. ‘पाच’ घ्या: बोडोत बा, गारोत बोङा, मणिपुरीत मङा, मिझोत पाङा, तिबेटी आणि बर्मीत ङा. असे शेकडो मूळ शब्द घेऊन एका भाषेतला ध्वनी दुसरीत ठरावीक नियमाने बदलतो का, हे तपासतात. नुसतं साम्य पुरत नाही. बोडोत आईला ‘आइ’ म्हणतात म्हणून ती मराठीची बहीण होत नाही. आईसाठीचे शब्द जगभर एकमेकांसारखे सापडतात, आणि शेजाऱ्यांकडून उसने घेतलेले शब्दही असतातच.

नकाशावरच्या त्या एकरंगी पट्ट्यावर मात्र अजिबात भरवसा ठेवू नका. 2011 च्या जनगणनेने देशात 121 भाषा मोजल्या, त्यातल्या 66 तिबेटो-बर्मन, म्हणजे या कुळातल्या. बोलणारे मात्र देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे एक टक्काच. भाषांच्या संख्येने अर्ध्याहून जास्त आणि माणसांनी एक टक्का, याचा अर्थ प्रत्येक भाषा छोटी आणि शेजारणीपासून बरीच वेगळी. लडाखी आणि सिक्कीमची भुतिया तिबेटीच्या घरातल्या. आदी, न्यिशी, गालो, आपातानी या अरुणाचलातल्या भाषा तानी गटातल्या. मिझो, हमार, पाइते, थाडो कुकी-चिन गटातल्या. नागालँडमध्ये आओ, अंगामी, लोथा, कोन्याक यांचं एकमेकांना समजत नाही, म्हणून तिथे आसामीवर आधारलेली नागामीज बाजारात चालते. मणिपुरीला तर कुठल्या शाखेत बसवायचं यावर अजून एकमत नाही. चिनी एका बाजूला आणि उरलेल्या सगळ्या दुसऱ्या, ही जुनी दोन फांद्यांची मांडणीही आता अनेक अभ्यासकांना पटत नाही.

बोडोचा गट वेगळा, बोडो-गारो. त्यात दिमासा, कोकबोरोक, गारो, राभा, तिवा, देउरी येतात. उत्तर बंगाल आणि नेपाळच्या झापा भागातले मेच लोक बोडोंचेच जवळचे. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या दिहिंग, दिसांग, दिखौ या नद्यांच्या नावातला ‘दि’ याच गटातल्या पाण्याच्या शब्दातून आला असं अभ्यासक मानतात. दिमासात पाण्याला दि, बोडोत दै. बोडो आली की दिमासा आणि कोकबोरोकचे शब्द कानाला ओळखीचे वाटू लागतील. मणिपुरी किंवा मिझोसाठी पुन्हा पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

दोन गैरसमज जाण्याआधीच काढून टाका. पहिला, ईशान्येतल्या सगळ्याच भाषा या कुळातल्या आहेत हा. खासी आपल्या मेळघाटातल्या कोरकूच्या कुळातली आहे, ऑस्ट्रो-आशियाई. खामती थाई भाषांची नातेवाईक. आसामी तर मराठीसारखीच इंडो-आर्यन. कोक्राझारच्या आठवडी बाजारात बोडो आणि राभासोबत आसामी, बांगला, राजबंशी, नेपाळी, संथाली ऐकू येतील, आणि एखादं द्रविड कुडुख बोलणारं कुटुंबही भेटेल. उलट हे कूळ महाराष्ट्रात नाहीच असंही नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीत तिबेटी बोलली जाते.

दुसरा गैरसमज, चेहरा बघून भाषेचा अंदाज बांधता येतो हा. येत नाही, आणि बांधूही नये. समोरच्याला ‘तुमचं चिनीशी नातं ना?’ असं विचारणं ज्ञानाचं लक्षण नाही. आपल्याच देशात परकं ठरवलं जाण्याचं दुःख त्या भागातल्या माणसांनी पुण्या-मुंबईत पुष्कळ सोसलं आहे. भाषाकुलाची माहिती स्वतःपुरती ठेवा. माणसाला त्याच्या भाषेचं नाव विचारा.

आता आसामी की बोडो? बोलायला आधी बोडो शिका, असं मी ठामपणे सांगते. आसामी मराठीच्या कुळातली, ती तिथे राहून कानावर पडत पडत बरीचशी येईल. बोडोला मुद्दाम मेहनत लागते आणि ती मेहनत इथे तीन महिने शांतपणे करता येईल. मात्र आसामी लिपी वाचायला जाण्याआधीच शिकून घ्या. जमिनीचे कागद आणि जुने दाखले त्या लिपीत असतात. 1963 मध्ये बोडो माध्यमाच्या शाळा सुरू झाल्या तेव्हा पुस्तकंही आसामी लिपीतच होती, त्यामुळे ज्येष्ठ ग्राहकांची सही त्या लिपीत दिसली तर नवल नाही.

बोडोची आजची लिपी देवनागरी आहे, ही तुमच्यासाठी मोठी सोय. ती सहज आलेली नाही. 1952 मध्ये स्थापन झालेल्या बोडो साहित्य सभेने रोमन लिपीची मागणी लावून धरली. 1974-75 च्या त्या आंदोलनात माणसं मेली, आणि तडजोड म्हणून 1975 मध्ये देवनागरी स्वीकारली गेली. कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी 1992 च्या 71व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत आल्या. बोडो 2003 च्या 92व्या दुरुस्तीने. या कुळातल्या मणिपुरी आणि बोडो या दोनच भाषा त्या यादीत आहेत. 2020 मध्ये बोडो आसामची सहयोगी राजभाषा झाली. तिच्या लिपीवर किंवा दर्जावर हलकं बोलू नका, त्यामागे लोकांनी फार मोजलं आहे.

अक्षरं ओळखीची आहेत, पण उच्चार मराठीचे नाहीत. मराठी माणूस बोडो फलक धडाधड वाचतो आणि समोरच्याला एक शब्द कळत नाही, याचं कारण हेच. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त उच्चार करा, शब्दसंग्रहाच्या मागे लागू नका.

सगळ्यात महत्त्वाची खूण ‘ो’ची. बोडोत ‘ो’ म्हणजे आपला ओ नाही. आरशासमोर उभ्या राहा. ‘ऊ’ म्हणा आणि तो आवाज सोडू नका. जीभ जिथे आहे तिथेच ठेवा, फक्त ओठ ‘ई’ म्हणताना पसरतात तसे पसरा. जो मागचा, बिनगोल स्वर निघेल तो बोडोचा ‘ो’. सुरुवातीला ओठ पसरले की जीभही पुढे सरकते आणि ‘ई’च ऐकू येतो. तसं झालं तर पेन्सिल दातांत आडवी धरून पुन्हा ‘ऊ’पासून या. ‘नों’ म्हणजे तू, त्यातला स्वर हाच. ‘ै’ आणि ‘ौ’ याच स्वराला इ आणि उ जोडून होतात. ‘दै’ (पाणी), ‘नै’ (दोन), ‘मोसौ’ (गाय) आणि एप्रिलमधला ‘बैसागु’ हा सण मराठी पद्धतीने वाचले तर चारही चुकतात.

दुसरी खूण, साधा ‘अ’. तो ऑ-ओकडे झुकतो, बांगला-आसामीसारखा. बायकांचं पारंपरिक वस्त्र लिहितात ‘दखना’, म्हणतात साधारण दोखोना. शब्दाच्या शेवटी वरची खूण (’) दिसली तर शेवटचा ‘अ’ गिळायचा नाही: ‘बर’’ म्हणजे बोरो, ‘न’’ म्हणजे नो, घर. मराठी माणूस सवयीने शेवटचा अ गाळतो आणि ‘बर्’ म्हणून मोकळा होतो. फोनवर टाइप करताना ही खूण विसरू नका.

व्यंजनांत काही ठिकाणी लक्ष द्या. अस्सल बोडो शब्दाच्या सुरुवातीला प, त, क येत नाहीत, फ, थ, ख येतात. हा ‘फ’ दोन्ही ओठ मिटून सोडायचा, आपण हल्ली दातावर ओठ ठेवून म्हणतो तसा नाही. ‘ज’ जाडमधल्या ज सारखा. ‘जा’ म्हणजे खा, तो आपल्या ‘जीव’ मधल्या ज ने म्हणू नका. ‘ं’ म्हणजे नेहमी ङ, म्हणून ‘आं’ म्हणजे आङ, मी. ट, ठ, ड, ढ फक्त उसन्या शब्दांत. शब्दाच्या शेवटी ब, द, ग आले की तोंड मिटून थांबा, हवा सोडू नका, मागे ‘अ’ची शेपूट लावू नका.

आणि सूर. बोडोत उंच आणि खालचा असे दोन सूर आहेत आणि त्याने शब्दाचा अर्थ बदलतो, पण लिखाणात त्याची खूण नसते. पुस्तकातून हे येणार नाही. बोडो बोलणाऱ्या माणसाकडून सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या एकाच वाक्यात घालून म्हणवून घ्या, रेकॉर्ड करा, आणि शब्द बाजूला ठेवून आधी फक्त चाल गुणगुणा. सुटा शब्द ऐकून सूर कळत नाही, कारण विचारलेला शब्द लोक प्रश्नार्थक उंच म्हणतात. इथेच बहुतेकांची फसगत होते. वाक्यात सूर आपल्या जागी बसतो. घाबरून जाऊ नका: सूर चुकला तरी संदर्भावरून लोक सांभाळून घेतात, स्वर चुकला की नाही घेत. शिवाय सूर ही काही या कुळाची ओळख नव्हे. मिझोत चार, कँटोनीजमध्ये सहा, तर गारोत सूरच नाहीत. ल्हासाच्या तिबेटीत आहेत, लडाखीत नाहीत. थाई आणि व्हिएतनामीत आहेत, आणि त्या या कुळातल्याच नव्हेत.

व्याकरण मात्र तुम्हाला हलकं जाईल. लिंग नाही. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, मी-तू-ती सगळ्यांना एकच रूप. शेवटचे प्रत्यय पाठ करा. ‘जा’ (खाणे) घ्या: जायो (खाते, नेहमी), जादों (खातेय किंवा खाल्लं), जाबाय (खाऊन झालं), जागोन (खाईन), जाया (खात नाही). मनाई प्रत्ययाने नाही, आधी ‘दा’ लावून: दा जा, खाऊ नको. ‘जाया दा’ असं मराठी वळणाने उलटं म्हणू नका. ‘थां’ (जाणे) त्याच साच्यात: थाङो, थांबाय, थांगोन, थाङा, दा थां. रोज दोन नवी क्रियापदं या साच्यांत घातली तर महिन्यात साठ होतात. रोजच्या कामाला तेवढी पुरेशी आहेत.

नामाचे प्रत्यय मराठीसारखेच मागे लागतात: -नि (चा-ची-चे), -नो (ला, देताना), -खौ (ला, कर्माला), -आव (त), -जों (ने, सोबत). आपला एकच ‘ला’ तिथे दोन ठिकाणी वाटला जातो, एवढं सांभाळा.

आकडे: से, नै, थाम, ब्रै, बा, द’, स्नि, दाइन, गु, जि. पुढे हिशेब सरळ आहे. बारा म्हणजे जिनै, वीस म्हणजे नैजि. आपल्यासारखे एकोणसत्तर-नव्व्याण्णवचे वेगळे शब्द नाहीत. पण नुसता आकडा वस्तूला लावता येत नाही, आधी वर्गाचा शब्द हवा, जसा आपण ‘चार जण’ म्हणतो तसा. माणसांना ‘सा’: सासे, सानै, साथाम. जनावरांना ‘मा’: मासे, मानै. झाडांना ‘फां’. इतर वस्तूंना ‘मोन’: मोनसे, मोननै. नवखी माणसं सगळीकडे ‘मोन’ लावून मोकळी होतात. वस्तूंना चालून जातं. माणसांना मुळीच लावू नका. पैशांचे मोठे आकडे काउंटरवर अनेकदा हिंदी-आसामीतच बोलले जातात, तिथे अडणार नाही.

संबोधनात आपल्या तू-तुम्हीसारखा भेद आहे. ग्राहकाला ‘नों’ नाही, ‘नोंथां’. नात्याचे शब्द मालकाप्रमाणे बदलतात, हे फॉर्म भरताना लागेल: आफा म्हणजे माझे वडील, नोमफा तुझे वडील, बिफा त्याचे किंवा तिचे वडील. समोरच्याला ‘तुमच्या वडिलांचं नाव’ विचारताना ‘आफा’ म्हणालात तर तुमच्याच वडिलांबद्दल बोलल्यासारखं होईल. पहिल्या दिवसासाठी चार वाक्यं पुरेत: ‘खुलुमबाय’ (नमस्कार), ‘नोंथांनि मुङा मा?’ (तुमचं नाव काय?), ‘आं बर’ राव सोलोंगासिनो दं’ (मी बोडो शिकते आहे), ‘साबायखर’ (धन्यवाद).

44 हे वय आड येत नाही. रोज अर्धा तास, त्यातली निम्मी वेळ ऐकण्याला. आकाशवाणीच्या बोडो बातम्या यासाठी उत्तम, कारण निवेदक सावकाश आणि स्पष्ट बोलतात. एक बातमी आठवडाभर ऐका, रोज नवी नको. कोक्राझारला पोहोचलात की पहिल्याच रविवारी दुकानातून बोडो माध्यमाचं पहिली-दुसरीचं भाषेचं पुस्तक आणा आणि शेजारच्या एखाद्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. मोठी माणसं पाहुण्याच्या चुका भिडेखातर सोडून देतात. मुलं सोडत नाहीत.

शेवटी तुमच्या कामाचं. बसुमतारी, ब्रह्म, नार्जारी, दैमारी, मुसाहारी ही आडनावं रोज समोर येतील, आणि एकाच कुटुंबात रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेचं सापडेल. ‘बोडो’ आणि ‘बोरो’ हीसुद्धा एकाच आडनावाची दोन रूपं असू शकतात. नाव आसामी, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांतून फिरलेलं असतं, त्यामुळे केवायसीत ते जुळत नाही म्हणून खोटेपणाचा संशय घेऊ नका. ऐकून स्पेलिंग लिहू नका आणि स्वतःच्या अंदाजाने ‘दुरुस्त’ही करू नका. खातं उघडताना आधार आणि पॅन दोन्ही शेजारी ठेवा, अक्षरन् अक्षर ताडून बघा, फरक असेल तर ग्राहकाला त्याच बैठकीत दाखवा आणि कुठला कागद सुधारून आणायचा ते कागदावर लिहून द्या.